प्रश्न विचारण्याची नोकरी

नेदरलँड्समधल्या एका तंत्रविद्यापीठात मी संशोधकांना प्रश्न विचारण्याची नोकरी करते. पाहुणा संशोधक यायचा असो, परदेशी विद्यापीठाशी करार व्हायचा असो की कुणी बाहेरच्या शिष्यवृत्तीवर पीएच.डी.ला येणार असो, ती फाइल आमच्या टेबलावर येते. पैसा कुणाचा, निष्कर्षांवर हक्क कुणाचा, माणूस परत गेल्यावर कुठे काम करणार, यंत्रावर स्वतः बसणार की शेजारी उभा राहून बघणार, असले आमचे प्रश्न. कामाचं नाव ज्ञानसुरक्षा. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पोलिसातच गेलीस की गं!"

पोलिसांसारखं आमच्याकडे काहीच नाही. आम्ही कुणाचे फोन ऐकत नाही, कुणाच्या खोलीची झडती घेत नाही. कागद वाचतो, उघडपणे मिळणारी माहिती शोधतो, माणसांशी बोलतो आणि डीनना सल्ला लिहून देतो. तो मानायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं. कधीकधी एखादे प्राध्यापक तरातरा येतात आणि विज्ञानाला सीमा नसतात यावर आम्हाला व्याख्यान देतात. मीही ते वाक्य पूर्वी म्हणत असे, त्यामुळे शेवटपर्यंत ऐकून घेते.

मी मुळात फिजिक्सची. एम.एस्सी. कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात. थिन फिल्म हा तिथला जुना, मुरलेला विषय. आम्ही स्प्रे पायरोलिसिस करायचो, म्हणजे तापवलेल्या काचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारून ऑक्साइडचा थर चढवायचो. यंत्रसामग्री बरीचशी विभागातच जुळवलेली, नोझल शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून करून आणलेलं. बिघडलं की तिथेच पळायचं. तिथून मी इथल्या क्लीनरूममध्ये आले ती अ‍ॅटॉमिक लेयर डिपॉझिशन शिकायला. वायू आळीपाळीने सोडायचे आणि अणूंचा थर एकावर एक बसवायचा. एका फेरीत साधारण एक अँगस्ट्रॉम, म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. चिप बनवणाऱ्या सगळ्यांना हे तंत्र लागतं. त्या वेळी मला त्यात राजकारण दिसत नव्हतं, कुणालाच दिसत नव्हतं. पुढे नेदरलँड्स सरकारने चिपनिर्मितीच्या प्रगत यंत्रांवर निर्यात परवाना लावला, १ सप्टेंबर २०२३ पासून. त्या यादीत विशिष्ट लिथोग्राफी यंत्रांच्या जोडीला अ‍ॅटॉमिक लेयर डिपॉझिशनची काही यंत्रंही होती. आम्ही ज्याला 'आपलं रिअ‍ॅक्टर' म्हणायचो त्याची भावंडं सरकारी राजपत्रात पोचली.

संशोधन चोरीला जातं म्हणजे नेमकं काय जातं, हे बाहेरच्या माणसाला पटकन उमगत नाही. पेपर तर आम्हीच छापतो, जगाने वाचावा म्हणून धडपडतो. मोलाचं असतं ते पेपरात न आलेलं. कोणत्या तापमानाला थर सोलून निघाला, व्हॉल्व्ह किती मिलिसेकंद उघडा ठेवला, कोणत्या पुरवठादाराच्या बाटलीतलं रसायन दमट निघालं, कोणती गोष्ट करून बघायचीच नाही. याला प्रयोगशाळेत रेसिपी म्हणतात आणि ती वहीत असते. यंत्राशेजारी पडलेली, कॉफीचे डाग पडलेली, पाचसहा जणांच्या अक्षरांतली वही. पेपर वाचून काम उभं करायला एखाद्या गटाला दोन-तीन वर्षं लागतील, तर वही हातात असलेल्याला काही महिने. त्यातही फसलेल्या प्रयोगांची पानं सर्वांत किमती, कारण ती कुठेच छापून येत नाहीत.

माझ्या पीएच.डी.च्या मधल्या काळात आमच्या गटात एक पाहुणा संशोधक आला. कोणत्या देशाचा ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारा पुढचं वाचणारच नाही, मत बनवून मोकळा होईल. माणूस कष्टाळू, अबोल. सगळ्यांच्या वाढदिवसाला स्वतः केलेला केक आणायचा. शिष्यवृत्ती त्याच्या देशाची होती आणि ठरावीक काळाने त्याला तिकडे प्रगतीचा अहवाल पाठवावा लागे. हे त्याने कधी लपवलं नाही, उलट अहवालाची तारीख जवळ आली की वैतागलेला दिसायचा. आमच्या तंत्रज्ञाच्या लक्षात आलं की हा माणूस संध्याकाळी उशिरा वहीच्या पानांचे फोटो काढतो. स्वतःच्या प्रयोगांच्याच नव्हे, सगळ्याच पानांचे, जुन्या वह्यांचेसुद्धा. तंत्रज्ञाने ते प्राध्यापकांच्या कानावर घातलं. प्राध्यापक हसून म्हणाले, "अभ्यासू आहे, काढू दे." त्यांच्या जागी त्या काळातला दुसरा कुठलाही प्राध्यापक हेच म्हणाला असता.

पाहुणा मुदत संपवून गेला. नंतर एका पेटंट अर्जात आमची रेसिपी दिसली. अर्जदार त्याची तिकडची संस्था, तपशील इतके जुळणारे की आमच्या एका फसलेल्या तापमानाचा इशाराही त्यात जसाच्या तसा आला होता. विद्यापीठाच्या वकिलांनी पाहुण्याचा करार मागवला. तो एक पानी होता. विमा, किल्ली, सायकल कुठे लावायची आणि आग लागली तर कोणत्या दाराने बाहेर पडायचं. निष्कर्षांच्या मालकीबद्दल अक्षर नाही, गोपनीयतेबद्दल नाही, वह्यांबद्दल तर नाहीच. चोरी म्हणावी तर कुणी कुलूपच लावलेलं नव्हतं. प्रकरण तिथेच मिटलं. तंत्रज्ञाने एवढंच सांगितलं की आपण तेव्हा कोणत्या तारखेला काय पाहिलं हे डायरीत लिहून ठेवलं आहे. ती डायरी कुणी मागितली नाही.

या नोकरीत आल्यावर प्रशिक्षणात पहिल्यांदा अब्दुल कादिर खान भेटले. आपल्याकडे हे नाव पाकिस्तानच्या अणुबॉम्बचा जनक म्हणून माहीत असतं. जन्म भोपाळचा, हेही काहींना ठाऊक असतं. इथल्या लोकांना ते आठवतात आपल्या घरातून गेलेला माणूस म्हणून. १९६७ मध्ये डेल्फ्टमधून धातुशास्त्राची पदवी, १९७२ मध्ये बेल्जियमच्या ल्यूवेनमधून डॉक्टरेट, मग अ‍ॅमस्टरडॅममधल्या एफडीओ या अभियांत्रिकी कंपनीत नोकरी. ही कंपनी युरेन्कोसाठी, म्हणजे ब्रिटन, पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्या युरेनियम-समृद्धीकरण प्रकल्पासाठी काम करत होती. खान यांना जर्मन उत्तम यायचं. १९७४ मध्ये त्यांना युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या जर्मन कागदपत्रांचं भाषांतर करायला आल्मेलोच्या कारखान्यात बसवलं. गुप्त कागद त्यांच्यापुढे कुणी चोरून ठेवले नव्हते. काम होतं, माणूस हुशार होता, ठेवले. १९७५ च्या डिसेंबरमध्ये खान सुट्टीला म्हणून पाकिस्तानात गेले ते परतले नाहीत. पुढच्याच वर्षी तिथे काहुटाचा युरेनियम-समृद्धीकरण प्रकल्प उभा राहू लागला.

पण मला या गोष्टीत खान यांच्यापेक्षा फ्रिट्स फेरमान जास्त महत्त्वाचे वाटतात. ते एफडीओत तांत्रिक छायाचित्रकार होते, खान यांच्या खोलीतले सहकारी आणि मित्रही. खान यांच्या घरी जेवायला गेले असताना त्यांना तिथे सेंट्रिफ्यूजची रेखाचित्रं पडलेली दिसली. त्यांनी वरिष्ठांना सांगितलं. वरिष्ठांना ते ऐकायचं नव्हतं. खान पाकिस्तानात गेल्यावर त्यांनी फेरमान यांना पत्रं लिहून तांत्रिक माहिती मागितली, तेव्हा फेरमान यांनी तीही पुढे कळवली. शेवटी १९७८ मध्ये नोकरी गेली ती फेरमान यांची. १९८३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने खान यांना गैरहजेरीत चार वर्षांची शिक्षा सुनावली, त्या पत्रांवरूनच. १९८५ मध्ये ती रद्द झाली, कारण समन्स नीट बजावलं गेलं नव्हतं. फेरमान यांना बोलल्याबद्दल भोगावं लागलं हे इथल्या जागल्यांसाठीच्या सरकारी संस्थेने मान्य केलं ते २०२० मध्ये. पुढच्याच वर्षी ते गेले.

प्रशिक्षणात ही गोष्ट परकीय माणसावर विसंबू नका म्हणून सांगतात की आतल्या माणसाचं ऐका म्हणून, हे सांगणाऱ्यावर अवलंबून असतं. पहिल्यांदा ऐकली तेव्हा वर्गात मी एकटी भारतीय उपखंडातली. दोघातिघांनी नकळत माझ्याकडे पाहिलं. मी मात्र आमच्या तंत्रज्ञाच्या डायरीचा विचार करत होते.

माझ्याकडे तसं बघणारे मला नवे नव्हते. पीएच.डी.च्या काळातच एका उद्योगाबरोबरच्या संयुक्त प्रकल्पात आमचा गट त्यांच्या कारखान्यात यंत्र बघायला जाणार होता. त्या यंत्रासाठीचा नमुना मी बनवलेला. दारावर नावांची यादी होती; माझ्या नावावर पासपोर्टमुळे काट. बाकीचे आत गेले, मी स्वागतकक्षात मासिकं चाळत बसले. आत जाऊन आलेल्या मास्टर्सच्या मुलाने परतीच्या गाडीत मला माझ्याच नमुन्याचं वर्तन समजावून सांगितलं. नियम निर्यातीचा होता, त्या बिचाऱ्या स्वागतिकेचा नव्हता. पण आदल्या दिवशी एक ईमेल पाठवायला कुणाला काय झालं होतं?

माझ्या इराणी मैत्रिणीच्या मानाने हे काहीच नव्हतं. २००८ मध्ये नेदरलँड्सने संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांचा आधार घेऊन असा नियम केला होता की इराणी नागरिकत्व असलेल्यांना, मग ते जोडीला डच नागरिकही का असेनात, अणुशास्त्राशी संबंधित काही अभ्यासक्रम आणि काही जागा बंद. काही विद्यार्थी आणि प्राध्यापक न्यायालयात गेले. २०१० मध्ये हेगच्या न्यायालयाने हा भेदभाव आहे म्हणून निकाल दिला आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच कायम केला. सरसकट नागरिकत्व पाहू नका, माणसागणिक तपासा, असा त्याचा अर्थ. मैत्रीण म्हणायची, "निकाल माझ्या बाजूने लागला, पण मुलाखतीला बोलावणं काही येईना." नियम रद्द झाला तरी मुलाखती घेणाऱ्यांच्या मनातली भीती तशीच होती. ती आता दुसऱ्या देशात शिकवते, आणि तिचा विषय कोणत्याही यादीत नाही.

२०२२ च्या जानेवारीत इथे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या आणि सरकारने एक चौकशीखिडकीही उघडली. विद्यापीठांनी तिथे विचारायचं, निरनिराळी मंत्रालयं आणि गुप्तचर खात्यांची माणसं एकत्र बसून उत्तर देतात. विद्यापीठांत आमच्यासारखी छोटी पथकं उभी राहिली. त्यांना फिजिक्स कळणारी, यंत्राच्या आवाजावरून पंप बिघडलाय हे ओळखणारी, आणि कधीतरी दाराबाहेर बसलेली व्यक्ती हवी होती. शेवटचं जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं, पण मुलाखतीत मी तेच सांगितलं.

काम बहुतेक दिवस रुक्ष असतं. युरोपीय संघाचा दुहेरी वापराच्या वस्तूंचा नियम २०२१ चा आहे, त्याचं परिशिष्ट जाडजूड. लेझर, सेन्सर, कार्बन फायबर, व्हॉल्व्ह, जिवाणू, सगळं त्यात आहे. नागरी उपयोग आणि लष्करी उपयोग एकाच वस्तूचे. मूलभूत संशोधन आणि आधीच प्रसिद्ध झालेली माहिती त्यातून वगळलेली आहे, आणि अर्धे वाद या वगळण्यावरून होतात. प्रत्येक प्राध्यापकाचं संशोधन आमच्यापुढे मूलभूत असतं आणि अनुदान मागताना उद्या बाजारात येणारं असतं. मी दोन्ही अर्ज शेजारीशेजारी ठेवते. भांडण तिथे बरंचसं शमतं.

आम्ही एखाद्या फाइलला पूर्ण नकार क्वचितच देतो. बहुतेक वेळा करारात चार कलमं वाढतात. वह्या विद्यापीठाच्या, फोटो काढायचे तर गटप्रमुखाला सांगून, अहवाल तिकडे पाठवायचा तर त्याची प्रत इकडे, अमुक यंत्रावर एकट्याने काम नाही. परदेशी परिषदेला जाणाऱ्यांना कोरा लॅपटॉप देतो, ज्यात फक्त त्या भाषणाच्या स्लाइड. सुरुवातीला लोक कुरकुरले. एका प्राध्यापकांचा स्वतःचा लॅपटॉप एका विमानतळावर तपासणीच्या नावाखाली बराच वेळ नजरेआड गेला, त्यानंतर कोऱ्या लॅपटॉपसाठी रांग लागली. आणि लिंक्डइनवरून येणारे ते 'सल्लागार' होण्याचे निरोप! एखाद्या तासाच्या गप्पा, मानधन घसघशीत, विचारणार फक्त तुमच्या क्षेत्राचा 'आढावा'. पहिल्या आढाव्यात खरंच काही नसतं. दुसऱ्या वेळी प्रश्न जरा आतला येतो. तरुण पोस्टडॉक, ज्यांचा करार संपत आलेला असतो, त्यांना हे निरोप जास्त येतात. मी त्यांना ओरडत नाही. ज्याची नोकरी चार महिन्यांनी जाणार आहे त्याला सुरक्षिततेवर भाषण देण्यापेक्षा विद्यापीठाने करार वाढवला तर जास्त उपयोग होईल, असं मी वरच्या बैठकीत बोललेही आहे. इतिवृत्तात ते आलं नाही.

मग एक दिवस भारतातली फाइल आली. मुलगा नाशिककडचा, आपल्या संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला, अभ्यासरजेवर पीएच.डी.साठी येऊ पाहणारा. विषय अवरक्त डिटेक्टरचा, म्हणजे अंधारात उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्याचा. वनखात्यालाही उपयोगी आणि क्षेपणास्त्रालाही. परतल्यावर त्याच प्रयोगशाळेत काही वर्षं काम करण्याचा बाँड. भारत मित्रदेश वगैरे ठीक, पण दुसऱ्या कुठल्या देशाचा असा अर्ज असता तर मी जे चार प्रश्न विचारले असते ते इथेही होतेच. फाइलवर माझं नाव होतं आणि आडनावावरून मी मराठी आहे हे त्याने बरोबर ओळखलं. कुणाकडून तरी नंबर मिळवून त्याने फोन केला.

"ताई, नमस्कार. तुम्ही आपल्याच ना?"

"हो, कोल्हापूरची."

"मग काय प्रश्नच नाही. तेवढं बघा ना जरा."

"तू फोन केलास हे मला आता फाइलवर लिहावं लागेल."

पलीकडे शांतता. मग, "मॅडम, माझ्या हातून काही चुकलं का?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्याकडे असंच विचारतात आणि अशाने निम्मी कामं होतात. मी फोनची नोंद केली, फाइल सहकाऱ्याकडे दिली आणि पुढच्या चर्चेत बसले नाही. सहकाऱ्याला मी एकच सांगितलं, त्याने त्याची नोकरी अर्जात स्पष्ट लिहिली आहे, हे लक्षात घे. लपवणारे ती लिहीत नाहीत. शेवटी प्राध्यापकांनीच मार्ग काढला, डिटेक्टरऐवजी सौरघटांवरच्या संरक्षक थराचा विषय दिला. मुलगा आला. दिवाळीला गावातले मराठी लोक जमतो तेव्हा तो भेटतो, चकल्या उत्तम करतो. मला अजूनही मॅडमच म्हणतो.

२०२३ च्या मे महिन्यात आईचा सकाळी सकाळी फोन आला. "बघ, तुझंच काम पुण्यात निघालं." डीआरडीओच्या पुण्यातल्या एका प्रयोगशाळेच्या संचालकांना महाराष्ट्र एटीएसने अटक केली होती. सोशल मीडियावर ओळख झालेल्या, पाकिस्तानी हेर असल्याचा संशय असलेल्या बाईला माहिती दिल्याचा आरोप. आईला त्यातल्या बाईच्या भागात जास्त रस होता. मी तिला म्हटलं, त्या हुद्द्याच्या माणसाची पार्श्वभूमी किती वेळा तपासली गेली असेल! पासपोर्ट आपलाच, आडनाव आपलंच, सेवा सगळी देशातली.

पासपोर्टने काय कळतं याची अलीकडची दोन उदाहरणं मी प्रत्येक नव्या डीनना सांगते. २०२२ मध्ये ब्राझीलचा पासपोर्ट घेऊन एक तरुण हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात इंटर्न म्हणून रुजू व्हायला आला. वॉशिंग्टनमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्याने मास्टर्स केलेलं. डच गुप्तचर खात्याच्या म्हणण्याप्रमाणे तो रशियाच्या लष्करी गुप्तचर संघटनेचा अधिकारी सर्गेई चेर्कासोव्ह होता. त्याला विमानतळावरूनच परत पाठवलं आणि ब्राझीलमध्ये खोट्या कागदपत्रांसाठी शिक्षा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्वेतल्या ट्रोम्सो विद्यापीठातला एक 'ब्राझिलियन' संशोधक पकडला गेला. आधी कॅनडातल्या कॅलगरीला शिकलेला. खरं नाव मिखाइल मिकुशिन. २०२४ च्या ऑगस्टमधल्या कैद्यांच्या अदलाबदलीत तो रशियाला परतला. दोघांच्याही कागदांवर कुणाच्या भुवया उंचावतील असा देश नव्हता. उलट ब्राझीलचा विद्यार्थी म्हटल्यावर कुणीही खुशीतच स्वागत केलं असेल.

आणि बहुतेक वेळा तर माणूस यायचीही गरज नसते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मास्ट्रिख्ट विद्यापीठात कुणीतरी फसव्या ईमेलमधली लिंक उघडली. हॅकरांची टोळी दोन महिने आत गुपचूप फिरली आणि २३ डिसेंबरला, नाताळच्या तोंडावर, २६७ सर्व्हर कुलूपबंद झाले. काही बॅकअपही गेले. विद्यापीठाने खंडणी म्हणून ३० बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे दोन लाख युरो भरले, आणि मग सगळं कसं घडलं ते स्वतःहून जाहीर सभेत सांगितलं. यातला पुढचा भाग मला फार आवडतो. पोलिसांनी त्यातला काही हिस्सा युक्रेनमधल्या एका खात्यात गोठवला होता. बिटकॉइनचा भाव चढला आणि २०२२ मध्ये त्याचे सुमारे पाच लाख युरो झाले. भरलेल्यापेक्षा जास्त! विद्यापीठाने ते पैसे अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवायचं ठरवलं.

जानेवारी २०२५ मध्ये आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठाने शनिवारी रात्री आपल्या जाळ्यात कुणीतरी फिरतंय हे ओळखलं आणि मध्यरात्रीनंतर स्वतःच सगळं नेटवर्क तोडलं. आठवडाभर तास नाहीत, परीक्षा पुढे. चौकशीत कळलं की बाहेर फुटलेले पासवर्ड वापरून चोर व्हीपीएनमधून शिरले होते आणि त्या दारावर दुहेरी ओळखतपासणी नव्हती. हेही त्यांनी छापून जाहीर केलं. आमच्याकडे दुहेरी तपासणीला विरोध करणारे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते, त्यांना मोबाइलवरचा आकडा टाकणं अपमानास्पद वाटायचं. आइंडहोवनच्या बातमीनंतरच्या सोमवारी ते स्वतः मदतकक्षात जाऊन बसले होते. पाचशे पानी धोरणाने जे झालं नाही ते शेजारच्याने आपली फजिती उघड सांगितल्याने झालं. विद्यापीठं सहसा नाव खराब होईल म्हणून गप्प बसतात. या दोघांनी तसं केलं नाही, याबद्दल मला त्यांचा खरोखर आदर वाटतो.

आता इथे संवेदनशील विषयांतल्या संशोधकांची सरकारी छाननी करणारा कायदा घडतो आहे. २०२५ मध्ये त्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला. त्यात डच, युरोपीय, बाहेरचे, सगळ्यांना एकच चाळणी आहे. कागदावर हे न्याय्य आहे. प्रत्यक्षात कुणाचा अर्ज किती आठवडे पडून राहील, आणि प्राध्यापक वाट बघून कंटाळून कुणाला घेतील, याचा अंदाज मला दाराबाहेर बसल्याच्या अनुभवावरून आहे. डच मुलाची फाइल दोन दिवसांत सुटेल, नाशिकच्या मुलाचा पूर्वीचा मालक कोण हे शोधायला दोन महिने लागतील. म्हणून मी माझ्या सूचनेत मुदत मागितली आहे. अमुक दिवसांत उत्तर आलं नाही तर कारण लेखी कळवा, आणि नकार असेल तर दाद मागायची जागा द्या.

आमच्याकडेही सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट कायद्यातून आलेली नाही. पाहुण्याचा एक पानी करार आता चार पानी झाला आहे. आणि आठवड्यातून एकदा दुपारी मी क्लीनरूमच्या बाहेरच्या कॉफीयंत्रापाशी बसते. ज्याला काही खटकलं असेल त्याने येऊन सांगावं. तक्रार म्हणून नोंद होईलच असं नाही, पण तारीख आणि दिसलेली गोष्ट लिहून घेतली जाते आणि सांगणाऱ्याला काय झालं ते कळवलं जातं. बहुतेक वेळा खटकलेलं काहीच नसतं, नवख्या पाहुण्याला नियम कुणी सांगितलेला नसतो, एवढंच. तो नियम त्याला सांगितला की दोघांचंही मन हलकं होतं. काही वेळा मात्र त्याच गप्पांतून खरी फाइल उभी राहिली आहे. सर्वांत जास्त येतात ते तंत्रज्ञ. यंत्रावर कोण, किती वेळ आणि कशासाठी बसतं हे त्यांना प्राध्यापकांपेक्षा जास्त माहीत असतं.

महाराष्ट्रातून बाहेर शिकायला येणाऱ्यांना माझं सांगणं आहे की असा प्रश्नांचा कागद आला तर चिडू नका आणि ओळखही शोधू नका. आधीच्या नोकऱ्या, बाँड, शिष्यवृत्तीच्या अटी सगळ्या लिहा. लिहिलेल्या गोष्टीवर तोडगा निघतो, नंतर सापडलेल्या गोष्टीवर निघत नाही. आणि कोल्हापूर, पुणे, नागपूर, मुंबईच्या विद्यापीठांतल्या कुलगुरूंना विनंती आहे. परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार झाल्याचा फोटो छापून येण्याआधी तो करार शेवटच्या पानापर्यंत वाचणारं, आणि प्रयोगशाळेतल्या सहायकाचं म्हणणं तारखेसकट लिहून घेणारं एक माणूस नेमा. त्याला दुसरं काम देऊ नका.